वैयक्तिक संगणक व मोबाइल उपकरणांतील माहितीच्या राखीव प्रती : गरज, पद्धती व नियोजन

प्रस्तावना

महाविद्यालयीन प्राध्यापकाचे अध्यापन, संशोधन व प्रशासकीय कामकाज आज जवळजवळ पूर्णपणे संगणक आणि मोबाइल या दोन उपकरणांवर अवलंबून आहे. व्याख्यानांची टिपणे, प्रश्नपेढ्या, अंतर्गत मूल्यमापनाच्या गुणयाद्या, शोधप्रबंधाचा मसुदा, क्षेत्रीय पाहणीतील मुलाखती, प्रयोगशाळेतील निरीक्षणे, मूल्यांकनासाठी जमविलेली कागदपत्रे हे सर्व एकाच लॅपटॉपमध्ये किंवा एकाच मोबाइलमध्ये साठविलेले असते. पूर्वी हेच साहित्य वह्या, फाइली व कार्डे यांच्या रूपाने कपाटांतून विखुरलेले असे. एखादी वही हरवली तरी उरलेले साहित्य शिल्लक राहत असे. आज मात्र वीस वर्षांचे काम हाताच्या तळव्यावर मावेल एवढ्या एका यंत्रभागात सामावते आणि तो यंत्रभाग निकामी झाल्यास सर्वच एकाच क्षणी नाहीसे होऊ शकते.

एकमेव प्रतीवर विसंबण्याचा धोका मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना नवा नाही. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली व पुढे अनुयायांनी स्मरणाच्या आधारे तो ग्रंथ पुन्हा सिद्ध केला, असे महानुभाव परंपरा सांगते. त्या ग्रंथाच्या आज आढळणाऱ्या पाठभेदांचे एक कारण या घटनेत शोधले जाते. तेथे निदान ग्रंथ मुखोद्गत असणारे अनुयायी होते. आजच्या संशोधकाच्या हार्ड डिस्कमधील आकडेवारी अथवा ध्वनिमुद्रणे मात्र कोणाच्याही स्मरणात नसतात. ती गेली की गेलीच.

संगणक पुन्हा विकत घेता येतो, त्यातील प्रणाली पुन्हा बसविता येतात. परंतु ज्या वृद्ध निवेदकाची मुलाखत दहा वर्षांपूर्वी घेतली व जो आज हयात नाही, त्याची मुलाखत पुन्हा घेता येत नाही. प्रस्तुत विषयाचे महत्त्व तांत्रिक सोयीपुरते मर्यादित नसून ते ज्ञानसाधनांच्या जतनाशी निगडित आहे.

लेखाची उद्दिष्टे

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१. राखीव प्रत म्हणजे काय व काय नव्हे, हे स्पष्ट करणे.
२. माहिती नष्ट होण्याच्या प्रमुख कारणांचा परिचय करून देणे.
३. साठवणुकीची माध्यमे व प्रती घेण्याच्या पद्धती यांचे विवेचन करणे.
४. प्राध्यापकास स्वतः अमलात आणता येईल असे साधे नियोजन सुचविणे.

राखीव प्रत : संकल्पना

संगणकाच्या परिभाषेत ज्यास ‘बॅकअप’ म्हणतात, त्यास मराठीत ‘राखीव प्रत’ म्हणता येईल. मूळ माहिती नष्ट झाल्यास, बिघडल्यास किंवा चुकून बदलली गेल्यास ती पूर्वस्थितीत परत आणता यावी म्हणून स्वतंत्र ठिकाणी ठेवलेली प्रत म्हणजे राखीव प्रत होय. या व्याख्येतील ‘स्वतंत्र’ हा शब्द निर्णायक आहे. तो दुर्लक्षिला गेल्यामुळे पुढील चार गैरसमज निर्माण झालेले दिसतात.

पहिला गैरसमज असा की, जागा कमी पडू लागली म्हणून जुनी छायाचित्रे वा दस्तऐवज बाह्य हार्ड डिस्कवर नेऊन ठेवले व संगणकातून काढून टाकले, म्हणजे राखीव प्रत झाली. प्रत्यक्षात हे केवळ स्थलांतर होय. प्रत अद्याप एकच आहे, फक्त तिची जागा बदलली आहे.

दुसरा गैरसमज एकाच डिस्कवरील विभागांविषयीचा आहे. ‘सी’ विभागातील दस्तऐवज ‘डी’ विभागात उतरवून ठेवल्याने ऑपरेटिंग सिस्टिम बिघडल्यास उपयोग होतो. परंतु दोन्ही विभाग एकाच डिस्कवर असतील तर डिस्क बंद पडताच दोन्ही प्रती जातात.

तिसरा गैरसमज समक्रमणाविषयीचा, म्हणजे ज्यास ‘सिंक’ म्हणतात त्याविषयीचा आहे. गुगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स यांसारख्या सेवा संगणकातील निवडलेल्या फोल्डरची प्रत इंटरनेटवरील सर्व्हरवर सतत अद्ययावत ठेवतात. ही सोय अतिशय उपयुक्त आहे. तथापि, समक्रमण म्हणजे आरसा होय. संगणकात फाइल काढून टाकली की ती तिकडेही काढली जाते. फाइल बिघडली की बिघडलेलीच फाइल तिकडे जाते. या सेवा काढून टाकलेल्या फाइली व जुन्या आवृत्त्या काही काळ राखून ठेवतात हे खरे. परंतु तो काळ मर्यादित असतो. गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीतील फाइली ३० दिवसांनंतर आपोआप कायमच्या नष्ट होतात. उन्हाळी सुटीच्या प्रारंभी चुकून पुसली गेलेली फाइल जूनमध्ये लक्षात आली, तर ती मिळण्याची शाश्वती नसते.

चौथा गैरसमज ‘रेड’ या रचनेविषयीचा आहे. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या या रचनेत अनेक डिस्क एकत्र जोडल्या जातात. तिच्या बहुतेक प्रकारांत एखादी डिस्क बंद पडली तरी काम अखंड चालू राहते. काही महाविद्यालयांच्या सर्व्हरवर ही रचना असते. ती यंत्राच्या बिघाडापासून संरक्षण देते. परंतु चुकून दिलेली पुसण्याची आज्ञा सर्व डिस्कवर तत्काळ अमलात येत असल्यामुळे ती राखीव प्रतीची जागा घेऊ शकत नाही.

माहिती नष्ट होण्याची कारणे

(अ) यंत्राचा बिघाड : पारंपरिक हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप असलेल्या तबकड्या वेगाने फिरत असतात आणि वाचन-लेखन करणारे टोक त्यांच्या पृष्ठभागापासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. धक्का, उष्णता, विजेचा चढउतार किंवा केवळ झीज यांमुळे ते टोक तबकडीस घासल्यास माहिती कायमची नष्ट होते. नव्या लॅपटॉपमध्ये आढळणाऱ्या एसएसडी या प्रकारात फिरणारे भाग नसतात. त्यात माहिती विद्युतभाराच्या रूपाने साठविली जाते. त्यामुळे धक्क्याचा धोका कमी होतो. परंतु ती बंद पडते तेव्हा बहुधा पूर्वसूचना न देता बंद पडते. शिवाय पुसलेल्या फाइलींची जागा अशी डिस्क स्वतःच रिकामी करून ठेवीत असल्यामुळे त्या फाइली परत मिळविणे जुन्या डिस्कच्या तुलनेत अवघड असते.

डिस्क बिघडण्यापूर्वी काही लक्षणे दिसतील, तेव्हा प्रत घेऊ, अशी अनेकांची भूमिका असते. या संदर्भात गुगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास उद्बोधक आहे. १ लाखाहून अधिक डिस्कच्या या पाहणीत डिस्कचे वय वाढत जाते तसे वार्षिक बिघाडाचे प्रमाण बदलत जाते असे दिसले. पहिल्या वर्षातील डिस्कमध्ये ते १.७ टक्के, तर तीन वर्षे वयाच्या डिस्कमध्ये ८.६ टक्क्यांहून अधिक होते. याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा की, बिघडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कच्या बाबतीत स्वयंनिरीक्षणाच्या चार प्रबळ निर्देशकांपैकी एकानेही इशारा दिलेला नव्हता. लक्षणांची वाट पाहणे हे धोरण म्हणून टिकत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

(आ) मानवी चूक : चुकीची फाइल पुसणे, जुन्या मसुद्याने नवा मसुदा झाकून टाकणे, भलत्याच डिस्कचे फॉरमॅटिंग करणे या चुका अनुभवी व्यक्तींकडूनही घडतात. ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या निर्मितीच्या काळात १९९८ मध्ये एका आज्ञेमुळे चित्रपटाच्या फाइलींचा मोठा भाग पुसला गेला व राखीव प्रतींची व्यवस्थाही नीट चालत नसल्याचे तेव्हाच उघडकीस आले. पर्यवेक्षक तंत्रदिग्दर्शक गॅलिन सुसमन या घरून काम करीत असल्याने त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तिच्या आधाराने बहुतांश काम परत मिळविता आले.

(इ) घातक प्रणाली : खंडणीखोर प्रणाली संगणकातील फाइली कूटबद्ध करून त्या उघडण्यासाठी पैशांची मागणी करतात. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ या प्रणालीने १५० हून अधिक देशांतील २ लाखांहून अधिक संगणकांना बाधा पोहोचविली. तिने वापरलेला दोष दूर करणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये उपलब्ध केलेली होती. अशा प्रणाली संगणकास जोडलेल्या बाह्य डिस्क व जाळ्यातील सामाईक फोल्डर यांवरही आघात करतात. सतत जोडून ठेवलेली बाह्य डिस्क या प्रसंगी निरुपयोगी ठरते, ती याच कारणाने.

जून २०१७ मधील ‘नॉटपेट्या’ हल्ल्यात मर्स्क या जहाजवाहतूक कंपनीचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. कंपनीच्या जाळ्यातील वापरकर्त्यांची व अधिकारांची नोंद ठेवणारे सुमारे १५० सर्व्हर परस्परांशी समक्रमित होते. एक गेला तरी दुसरा आहेच, असा त्यामागील विश्वास होता. हल्ल्यात ते सर्व एकाच वेळी पुसले गेले. घानामधील एक सर्व्हर मात्र त्या वेळी वीज गेल्यामुळे जाळ्यापासून तुटलेला होता, म्हणून तो वाचला आणि त्याच्या आधारे कंपनीने आपली व्यवस्था पुन्हा उभी केली. समक्रमित असलेल्या सर्व प्रती गेल्या व केवळ तुटलेली प्रत उरली, हा या घटनेचा धडा होय.

(ई) चोरी व नैसर्गिक आपत्ती : २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर व सांगली, तर जुलै २०२१ मध्ये चिपळूण व महाड या परिसरांनी महापुराचा अनुभव घेतला. अशा प्रसंगी लॅपटॉप आणि त्याची राखीव प्रत असलेली डिस्क तळमजल्यावरील एकाच कपाटात असेल, तर दोन्ही प्रती एकाच पाण्यात जातात. प्रवासात लॅपटॉपची पिशवी चोरीस जाते तेव्हा त्याच पिशवीतील पेनड्राइव्हही जातो, हेही येथे लक्षात घ्यावे.

(उ) खाते बंद होणे : माहिती सुरक्षित असूनही तिच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग बंद होणे हा तुलनेने नवा धोका आहे. पासवर्ड विसरणे, खात्यास जोडलेला मोबाइल क्रमांक बंद होणे, महाविद्यालय बदलल्यावर वा सेवानिवृत्तीनंतर संस्थेने दिलेले ई-मेल खाते रद्द होणे ही त्याची उदाहरणे होत. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण गुगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले आहे.

‘३-२-१’ सूत्र

वरील कारणांचा एकत्रित विचार करून जगभर स्वीकारले गेलेले सूत्र म्हणजे ‘३-२-१’ होय. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या छायाचित्र-व्यवस्थापनाविषयीच्या लेखनामुळे ते प्रचलित झाले. महत्त्वाच्या माहितीच्या एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन भिन्न प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी, असा त्याचा आशय आहे.

या सूत्रामागील गणित सोपे आहे. समजा, एखादी डिस्क वर्षभरात बिघडण्याची शक्यता १०० मध्ये ५ आहे. दोन डिस्क परस्परांपासून पूर्णतः स्वतंत्र असतील, तर त्याच वर्षात दोन्ही बिघडण्याची शक्यता १०० मध्ये ०.२५, म्हणजे ४०० मध्ये १ एवढी उरते. तिसऱ्या स्वतंत्र प्रतीमुळे ती ८००० मध्ये १ इतकी खाली येते. परंतु हे गणित ‘स्वतंत्र’ या अटीवर उभे आहे. तिन्ही डिस्क एकाच खोलीत असतील, तर आग, पूर व चोरी यांपुढे त्या तीन नसून एकच ठरतात. म्हणूनच भिन्न माध्यमांची व भिन्न ठिकाणांची अट सूत्रात आहे. खंडणीखोर प्रणालींच्या अनुभवानंतर, किमान एक प्रत संगणकापासून व इंटरनेटपासून तुटलेली असावी, ही भरही त्यात घातली जाते.

साठवणुकीची माध्यमे

बाह्य हार्ड डिस्क : मोठ्या प्रमाणावरील माहितीसाठी हे सर्वांत व्यवहार्य माध्यम आहे. प्रत घेतल्यानंतर ती संगणकापासून सुरक्षितपणे वेगळी करून कोरड्या जागी ठेवावी. चार-पाच वर्षांनी ती बदलणे श्रेयस्कर.

बाह्य एसएसडी : वेगवान व धक्के सहन करणारे माध्यम. मात्र वीज न मिळता दीर्घकाळ पडून राहिल्यास त्यातील विद्युतभार क्षीण होऊ शकतो. त्यामुळे वर्षानुवर्षे कपाटात ठेवावयाच्या प्रतीसाठी ते योग्य नव्हे.

पेनड्राइव्ह व मेमरी कार्ड : ही वाहतुकीची साधने होत, जतनाची नव्हेत. आकाराने लहान असल्याने ती सहज हरवतात आणि सार्वजनिक संगणकांवरून व्हायरस वाहून आणतात.

सीडी व डीव्हीडी : घरी लिहिलेल्या तबकड्यांतील रंगद्रव्याचा थर प्रकाश, उष्णता व दमट हवा यांमुळे खराब होतो. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये त्या वाचण्याची सोयही नसते. ज्यांच्या जुन्या प्रकल्पांची माहिती अद्याप अशा तबकड्यांवर आहे, त्यांनी ती वाचता येत असतानाच अन्य माध्यमावर उतरवून घ्यावी.

क्लाउड साठवण : दुसऱ्या ठिकाणच्या प्रतीची अट ही सेवा सहज पूर्ण करते. मात्र तिची मर्यादा व अटी बदलत असतात. गुगलच्या वैयक्तिक खात्यातील १५ गीगाबाइट विनामूल्य जागेत ई-मेल, ड्राइव्ह व छायाचित्रे या तिन्हींचा समावेश होतो. छायाचित्रांसाठीची अमर्याद विनामूल्य सोय १ जून २०२१ पासून बंद झाली. शैक्षणिक संस्थांना मिळणारी अमर्याद साठवणही रद्द करून तिच्या जागी संपूर्ण संस्थेसाठी १०० टेराबाइटची सामाईक मूळ मर्यादा आणण्याचे धोरण गुगलने २०२१ मध्ये जाहीर केले. विनामूल्य सेवा कायम तशीच राहील, असे गृहीत धरून नियोजन करू नये, हा यातून घ्यावयाचा बोध होय.

माहितीचा आकार किती, याचा अंदाज घेतल्यास माध्यमाची निवड सुलभ होते. युनिकोडमध्ये टंकलिखित केलेल्या शोधप्रबंधाचा निव्वळ मजकूर काही मेगाबाइटांच्या आत असतो. प्रतिसेकंद १२८ किलोबिट या दर्जाचे एक तासाचे ध्वनिमुद्रण सुमारे ५८ मेगाबाइट भरते. म्हणजे १०० तासांच्या मुलाखती ५.८ गीगाबाइटांत मावतात व प्रतिसेकंद १० मेगाबिट वेगाच्या जोडणीवर साधारण सव्वा तासात क्लाउडवर जातात. याउलट १ टेराबाइट चित्रफिती त्याच वेगाने पाठविण्यास अखंड सव्वानऊ दिवस लागतात. तात्पर्य, मजकूर व ध्वनिमुद्रणे यांसाठी क्लाउड आणि चित्रफितींच्या मोठ्या संग्रहासाठी दोन बाह्य डिस्क, अशी विभागणी सोयीची ठरते.

प्रती घेण्याच्या पद्धती

राखीव प्रती घेण्याच्या तीन पद्धती रूढ आहेत. पूर्ण पद्धतीत प्रत्येक वेळी सर्व माहितीची प्रत घेतली जाते. तीत वेळ व जागा अधिक लागते. परंतु परत आणण्याचे काम सोपे असते. वाढीव पद्धतीत मागील कोणत्याही प्रतीनंतर बदललेल्या फाइलींचीच प्रत घेतली जाते. ती जलद असते. परंतु माहिती परत आणताना सर्व कड्या शाबूत असाव्या लागतात. फरकाच्या पद्धतीत शेवटच्या पूर्ण प्रतीनंतर बदललेल्या सर्व फाइली घेतल्या जातात. ती या दोहोंमधील मध्यममार्ग होय.

प्राध्यापकास ही गणिते स्वतः सांभाळण्याची आवश्यकता नाही. विंडोज प्रणालीत ‘फाइल हिस्टरी’ ही सोय उपलब्ध आहे. बाह्य डिस्क जोडून ती सुरू केल्यास निवडलेल्या फोल्डरमधील फाइलींच्या क्रमवार आवृत्त्या ठरावीक अंतराने जतन केल्या जातात. ॲपलच्या संगणकांवर २००७ पासून ‘टाइम मशीन’ ही सोय असून ती मागील २४ तासांच्या ताशी, मागील महिन्याच्या दैनिक व त्यापूर्वीच्या साप्ताहिक प्रती राखते. जागा भरल्यावर सर्वांत जुन्या प्रती काढल्या जातात. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी ‘आरसिंक’ व ‘देजा दुप’ ही विनामूल्य साधने आहेत.

जुन्या आवृत्त्यांचे महत्त्व येथे आवर्जून नमूद करावेसे वाटते. केवळ कालची एक प्रत ठेवली व फाइल परवाच बिघडलेली असेल, तर प्रत असूनही उपयोग नाही. म्हणून दैनिक, साप्ताहिक व मासिक अशा किमान काही टप्प्यांवरच्या प्रती असणे इष्ट होय.

मोबाइल उपकरणांचा विचार

मोबाइल हरविण्याची व फुटण्याची शक्यता संगणकाहून अधिक असते, तरीही त्यातील माहितीकडे अधिक दुर्लक्ष होते. ॲण्ड्रॉइड उपकरणांत गुगल खात्याद्वारे व आयफोनमध्ये आयक्लाउडद्वारे संपर्कयादी, संदेश, मांडणी व ॲपविषयक माहितीची प्रत आपोआप घेता येते. आयक्लाउडची विनामूल्य मर्यादा ५ गीगाबाइट आहे. या संदर्भात चार बाबींकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे.

एक, क्षेत्रीय संशोधनातील ध्वनिमुद्रणे. छायाचित्रांची प्रत घेणारी ॲप छायाचित्रे व चित्रफितीच उचलतात. अनेक ध्वनिमुद्रण ॲपमधील फाइली त्यांत येत नाहीत. मुलाखतीच्या दिवशीच त्या फाइली संगणकावर उतरवून त्यांना दिनांक, गाव व विषय दर्शविणारे नाव द्यावे.

दोन, व्हॉट्सॲपवरील संवाद. विभागाच्या सूचना, विद्यार्थ्यांनी पाठविलेले दस्तऐवज असे बरेच काही त्यात असते. पोहोचलेले संदेश ही सेवा आपल्या सर्व्हरवर ठेवीत नाही. त्यामुळे प्रत घेण्याची सोय वापरकर्त्यानेच सुरू करावी लागते. ॲण्ड्रॉइडवरील ही प्रत २०२४ पासून गुगल खात्याच्या १५ गीगाबाइटांत मोजली जाऊ लागली. २०२१ पासून ही प्रत कूटबद्ध ठेवण्याची सोयही आहे. मात्र तिचा पासवर्ड वा ६४ अंकी किल्ली हरवल्यास प्रत उघडता येत नाही.

तीन, समक्रमित छायाचित्रे. मोबाइलमधील छायाचित्र त्याच ॲपमधून काढून टाकल्यास ते क्लाउडमधूनही जाते. जागा मोकळी करण्यापूर्वी ॲपमध्ये त्यासाठी दिलेली स्वतंत्र सोय वापरावी.

चार, प्रवेशाची साधने. मोबाइल हरवला की ओटीपी मिळण्याचा मार्गही हरवतो आणि क्लाउडमधील प्रत असूनही उघडत नाही. खात्यांसाठी मिळणारे पर्यायी प्रवेश-संकेत कागदावर छापून घरी सुरक्षित ठेवावेत.

पुनर्स्थापनेची चाचणी

प्रत घेतली जाते यापेक्षा ती उघडते का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ‘गिटलॅब’ या संगणकीय सेवेत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याकडून मुख्य माहितीसंच चुकून पुसला गेला. त्या वेळी प्रती घेण्याच्या अनेक व्यवस्था असूनही त्यांपैकी बहुतेक उपयोगी पडल्या नाहीत. काही तर दीर्घकाळ बंदच होत्या, हे तेव्हाच कळले. योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत हाती असल्याने मोठी हानी टळली. कंपनीने हा सर्व तपशील स्वतः जाहीर केला, ही बाब प्रशंसनीय होय. तज्ज्ञ संस्थेची ही स्थिती, तर वैयक्तिक पातळीवर चाचणीची गरज किती, हे वेगळे सांगावयास नको. दर सत्राच्या अखेरीस राखीव प्रतीतील चार-पाच फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहणे एवढी चाचणी पुरेशी आहे.

मराठी मजकुराचा विशेष प्रश्न

मराठीतून लेखन करणाऱ्यांसमोर एक आणखी प्रश्न असतो. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती, आयएसएम इत्यादी प्रणालींमध्ये व त्यांच्या विशिष्ट टंकांत मजकूर तयार केला जात असे. अशी फाइल सुरक्षित असली तरी तो टंक संगणकावर नसल्यास पडद्यावर निरर्थक रोमन चिन्हे दिसतात. पेजमेकरमध्ये मांडलेली पुस्तके व नियतकालिके यांची अवस्था तशीच आहे; ती प्रणालीच आता विकसित केली जात नाही. म्हणजेच फाइल टिकणे आणि मजकूर वाचता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जुना मजकूर परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणून मुद्रितशोधन करावे, मांडणीची पीडीएफ प्रत करून ठेवावी आणि मूळ फाइलीबरोबर तिचा टंकही जतन करावा.

गोपनीयता व उत्तरदायित्व

राखीव प्रत म्हणजे गोपनीय माहितीचीही आणखी एक प्रत होय. विद्यार्थ्यांचे पत्ते, जातप्रमाणपत्रे, गुणपत्रके, प्रश्नपत्रिका, निवेदकांची ओळख उघड करणाऱ्या मुलाखती अशा बाबी बाह्य डिस्कवर उघड्या ठेवणे योग्य नव्हे. भारतात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आहे व माहिती हाताळणाऱ्यांच्या जबाबदाऱ्या त्यात निश्चित केल्या आहेत. विंडोजच्या काही आवृत्त्यांतील ‘बिटलॉकर’, ॲपलचे ‘फाइलव्हॉल्ट’ किंवा विनामूल्य ‘व्हेराक्रिप्ट’ यांच्या साहाय्याने डिस्क कूटबद्ध करता येते. मात्र किल्ली हरवल्यास माहितीही हरवते. म्हणून तिची छापील नोंद वेगळ्या जागी असावी.

संशोधनाच्या बाबतीत अंतिम प्रबंध ‘शोधगंगा’ या इन्फ्लिबनेटच्या भांडारात जमा होतो. परंतु त्यामागील मुलाखती, प्रश्नावल्या व कच्ची आकडेवारी तेथे जात नाही. ती सांभाळण्याची जबाबदारी संशोधकाचीच राहते. या दृष्टीने हेमा राईरकर व गी पॉयत्व्हँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून संकलित केलेल्या जात्यावरील ओव्यांचे उदाहरण आदर्श ठरते. १ लाखाहून अधिक ओव्यांचा हा संग्रह संगणकीय माहितीसंचाच्या रूपात पद्धतशीर नोंदविला गेला होता. पॉयत्व्हँ यांचे २००४ मध्ये निधन झाले. तरीही संग्रह टिकला आणि २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’च्या वतीने तो टप्प्याटप्प्याने वाचकांसमोर येऊ लागला. माहिती संकलकापश्चात जिवंत राहावयाची, तर ती इतरांच्या हाती व इतरांस समजेल अशा स्वरूपात असावी लागते.

व्यवहार्य नियोजन

वरील विवेचनाच्या आधारे पुढील नियोजन सुचविता येईल.

१. सर्व महत्त्वाचे दस्तऐवज एकाच मुख्य फोल्डरमध्ये अध्यापन, संशोधन, प्रशासन व वैयक्तिक अशा उपविभागांत ठेवावेत. डेस्कटॉपवर विखुरलेल्या फाइली प्रतींतून सुटतात.
२. किती दिवसांचे काम पुन्हा करणे सोसेल, हे ठरवावे. प्रबंधलेखन चालू असताना उत्तर ‘एक दिवस’ असेल, तर प्रत दररोज हवी. एरवी आठवड्यातून एकदा पुरे.
३. चालू कामाचे फोल्डर क्लाउडशी समक्रमित ठेवावे.
४. दर शनिवारी बाह्य डिस्कवर प्रत घेऊन ती डिस्क संगणकापासून वेगळी करावी.
५. दुसरी बाह्य डिस्क अन्य ठिकाणी, उदाहरणार्थ गावाकडील घरी वा महाविद्यालयातील कुलूपबंद कपाटात ठेवून दर सत्रात अद्ययावत करावी.
६. मोबाइलमधील ध्वनिमुद्रणे व छायाचित्रे दरमहा संगणकावर उतरवावीत.
७. सेवानिवृत्ती वा बदलीपूर्वी संस्थेच्या खात्यातील माहिती ‘गुगल टेकआउट’सारख्या सोयीने उतरवून घ्यावी.
८. डिस्क कोठे आहेत व त्या कशा उघडाव्यात, याची माहिती कुटुंबातील एका व्यक्तीस तसेच संशोधनापुरती एका सहकाऱ्यास द्यावी.

२०११ पासून ३१ मार्च हा दिवस जगात राखीव प्रत दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे हाच आर्थिक वर्षाचा अखेरचा दिवस आहे. हिशेबाच्या वह्या पूर्ण करण्याच्या त्या दिवशी माहितीचाही वार्षिक ताळेबंद मांडण्याची प्रथा विभागांनी सुरू केल्यास ती सहज रुजू शकेल.

निष्कर्ष

१. माहिती नष्ट होणे हा अपवाद नसून कोणत्याही यंत्राच्या आयुष्यातील अपेक्षित घटना आहे.
२. स्थलांतर, समक्रमण व ‘रेड’ यांपैकी काहीही एकटे राखीव प्रतीची जागा घेऊ शकत नाही. प्रत स्वतंत्र असणे व तिच्या जुन्या आवृत्त्या असणे आवश्यक आहे.
३. तीन प्रती, दोन माध्यमे, एक अन्य ठिकाण आणि किमान एक प्रत तुटलेली, हे सूत्र सामान्य वापरकर्त्यासही परवडणारे आहे.
४. न तपासलेली प्रत विश्वासार्ह मानता येत नाही.
५. मराठी मजकुराच्या बाबतीत फाइलीबरोबरच तिची वाचनीयता जपणे अगत्याचे आहे.

राखीव प्रतीसाठी लागणारा खर्च एका बाह्य डिस्कचा व आठवड्यातील अर्ध्या तासाचा आहे. तो न केल्यास जे गमवावे लागते त्यात संशोधकाच्या श्रमांबरोबर ज्यांनी विश्वासाने आपली माहिती, आठवणी व गाणी त्याच्या स्वाधीन केली, त्यांचाही वाटा असतो. म्हणून राखीव प्रतींची शिस्त ही प्राध्यापकाच्या संशोधनविषयक नीतीचाच एक भाग मानली जावी.